लुवेरोची माती

"शला, आपल्या बागीत आली वं ती."

तुषारदादा एवढंच बोलला आणि डॉ. शलाका भारंबेला सगळं कळलं. कंपालात सकाळचे साडेनऊ वाजले होते, रावेरात दुपारचे बारा. दादाने फोन फिरवून बाग दाखवली. निसवणीला, म्हणजे घड बाहेर पडायला आलेली, डोक्याच्याही वर गेलेली केळी. मधल्या दोन ओळींत खालची पानं कडेपासून पिवळी पडून देठातच मोडली होती आणि खोडाभोवती लोंबत होती.

"किती झाडं?"

"आज अकरा. परवा तीन होती."

"ती ओळ दोरी बांधून बंद कर. तिथलं पाणी दुसरीकडे जाऊ देऊ नको. बूट धुतल्याबिगर कुणाले आत सोडू नको."

"ते समदं करतो. पण पुढं काय? तू एवढी शिकली, एवढ्या लांब जाऊन बसली, तिथल्या लोकायची केळी वाचवते. आता आपलं काही करशील का नाही?"

करू, असं म्हणून तिने फोन ठेवला. काय करता येईल हे तिला नेमकं ठाऊक होतं. करावं की नाही, हा प्रश्न होता.

शलाका चव्वेचाळीस वर्षांची होती. वनस्पतींच्या रोगांची अभ्यासक म्हणून तिने पुण्यात नाव कमावलं होतं, आणि गेली सहा वर्षं ती युगांडातल्या भारतीय उच्चायुक्तालयात विज्ञान सल्लागार होती. ज्या रोगासाठी तिला इथे पाठवलं होतं, तोच आता तिच्या माहेरच्या बागेत शिरला होता.

शेतकरी त्याला नुसतं 'मर' म्हणत. मातीतली एक बुरशी मुळांतून झाडात शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या चोंदवून टाकते. जमीन भिजलेली असते आणि झाड तहानेने मरतं. या बुरशीवर फवारणी चालत नाही, आणि तिचे बीजाणू तीस-तीस वर्षं मातीत पडून राहतात. त्यात केळीला रुजणारं बी नाही. कंदाला फुटलेला मुनवा तोडून लावायचा, नाहीतर पेशींपासून प्रयोगशाळेत रोपं वाढवायची. म्हणजे रावेरचं झाड, इक्वाडोरचं झाड आणि फिलिपाइन्सचं झाड ही सगळी एकाच झाडाची जुळी भावंडं. एकाला मारणारा रोग सगळ्यांना मारतो.

सहा वर्षांपूर्वी मर रोगाचा एक नवा, अधिक जहाल वाण युगांडात पोचला. तिथे केळं हे फळ नव्हे, जेवण आहे. हिरवी केळी सोलून, केळीच्याच पानात बांधून वाफवतात. त्याला मटोके म्हणतात. मटोके नाही म्हणजे घरात अन्न नाही. त्या वेळी भारताने युगांडाला पाचशे मृदावाचक दिले. पुण्यात बनलेलं, जेवणाच्या डब्याएवढं हे यंत्र. चिमूटभर माती आत टाकली की त्या मातीत राहणाऱ्या झाडून सगळ्या जिवांची जनुकं ते वाचतं आणि तासाभरात यादी देतं: कोणती बुरशी आहे, कोणता जिवाणू, किती. मर झाडावर दिसायच्या चार महिने आधी यंत्रावर दिसे, आणि तेवढाच तुकडा खणून बाकीची बाग वाचवता येई. शलाकाने युगांडातल्या नऊशे मुलींना हे यंत्र चालवायला शिकवलं होतं. प्रत्येक पेटीवर 'भारताच्या जनतेकडून' असं लिहिलेलं असे, आणि ते वाचताना दरवेळी तिची मान ताठ होई.

आठ महिन्यांपूर्वी यातल्याच एका यंत्राने नवल दाखवलं होतं. कंपालाच्या उत्तरेला लुवेरो नावाचा जिल्हा आहे. तिथल्या एका गावात सगळ्या बागा मेल्या होत्या. एका म्हातारीची बाग मात्र मधोमध हिरवीगार उभी होती. मरची बुरशी तिच्याही मातीत होती. पण तिच्या केळीच्या मुळांत एक जिवाणू सापडला, जो जगातल्या कुठल्याही यादीत नव्हता. हा जिवाणू आजूबाजूच्या मातीतलं लोह ओढून घेई, थोडं केळीला देई आणि बाकीचं धरून ठेवी. लोहावाचून बुरशी वाढू शकत नाही. ती तिथेच, मुळाच्या दारात, उपाशी पडून राही. कंपालाच्या मृदा प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. रूथ नामुली यांनी लुवेरोची माती आणून तिच्यात रावेरच्याच जातीची चाळीस रोपं लावली आणि वरून मरची बुरशी ओतली. अडतीस रोपं जगली.

*

दुपारी पुण्याहून डॉ. माधव टेंभेकरांचा फोन आला. ते शलाकाचे पीएच.डी.चे मार्गदर्शक, आता देशाच्या केळी बचाव मोहिमेचे प्रमुख.

"रावेर, यावल, चोपडा. तिन्ही तालुक्यांत निदान झालंय," ते म्हणाले. "सुदैवाने आपल्याकडे उपाय आहे."

"आपल्याकडे नाही सर. लुवेरोत आहे."

"तुझ्या पाचशे यंत्रांची सगळी वाचनं पुण्याच्या भांडारात येऊन पडतात. त्या जिवाणूचा अख्खा जनुकसंच आत्ता माझ्यासमोर पडद्यावर आहे. त्यावरून तो इथेच घडवता येईल. चिमूटभर मातीसुद्धा आणायला नको."

"आणि त्यांना विचारायला?"

"यंत्रांच्या करारातलं कलम अकरा काय म्हणतं? यंत्रांतून आलेली माहिती यंत्रं देणाऱ्या देशाच्या भांडारात राहील आणि रोगनियंत्रणासाठी ती वापरायला तो देश मुखत्यार असेल. कुणी लिहिलंय ते?"

ते कलम शलाकानेच लिहिलं होतं. तेव्हा कंपालात एवढी माहिती साठवायची सोय नव्हती, आणि झाडं रोज मरत होती. सोय म्हणून लिहिलेलं एक वाक्य. त्यात कुणाचं काय जाईल, हा विचारच तिने केला नव्हता.

"विचारायला गेलीस तर आधी त्यांची समिती, मग मंत्रिमंडळ, मग वकील," टेंभेकर म्हणाले. "दोन वर्षं जातील. रावेरकडे दोन वर्षं आहेत? तुझ्या भावाची बाग आहे ना तिथे?"

"आहे. आज अकरा झाडं गेली."

"मग?"

"सर, आपल्या हाती त्यांचं काय आलंय हे मी डॉ. नामुलींना सांगणार आहे. त्यांना ते निदान ठाऊक असू दे."

टेंभेकर चिडले नाहीत. त्यांचा आवाज फक्त थकलेला वाटला. "तू माझी सगळ्यांत हट्टी विद्यार्थिनी होतीस," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

उच्चायुक्त पद्मिनी नंबियार यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. नंबियारबाई निवृत्तीला आल्या होत्या, आणि पुढच्याच महिन्यात दोन्ही देशांची व्यापाराची बोलणी ठरली होती. चार वर्षं त्यांनी त्यासाठी खपून तयारी केली होती.

"कायद्याने आपण चोख आहोत," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम."

"तुम्ही हे बोललात की बोलणी फिसकटतील. तुम्हाला परत बोलावलं जाईल, हे धरून चाला."

"बोलावू दे. पण हे त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळलं, तर सहा वर्षांच्या मदतीचं नाव हेरगिरी पडेल. त्या नऊशे मुली गावागावात आपलं यंत्र घेऊन फिरल्यात. लोक त्यांना तोंडावर विचारतील."

नंबियारबाईंनी टेबलावरचा कागद बाजूला सारला. मग म्हणाल्या, "जा. पण शलाका भारंबे म्हणून एकट्या जाऊ नका. उच्चायुक्तालयाच्या वतीने जा. उद्या कुणी जाब विचारला तर तो मला विचारू दे."

*

रूथ नामुली मोठ्याने हसणारी, मोठ्याने बोलणारी बाई. सहा वर्षांत दोघी मैत्रिणी झाल्या होत्या. त्या दिवशी रूथ हसली नाही. शलाकाचं बोलणं संपेपर्यंत ती हातातली परीक्षानळी फिरवत राहिली.

"कलम अकरा मी वाचलं होतं," ती म्हणाली. "पण तहानेल्याने पेला कुणाचा हे विचारायचं नसतं. विचारलं नाही. सही केली."

"ते कलम मी लिहिलं होतं, रूथ."

"आणि आज सांगायला आलीस, कारण आज तुमच्याकडची केळी मरताहेत. त्यासाठीच आलीस ना?"

"त्यासाठी आले असते तर आलेच नसते. पुण्याला हो म्हटलं असतं. तुला कळलंही नसतं."

रूथने परीक्षानळी खाली ठेवली. "मला हे माझ्या मंत्र्यांना सांगावं लागेल."

"सांग."

सोमवारी युगांडाच्या सरकारने पाचशेही मृदावाचक बंद केले. वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर पेटीचं चित्र छापलं आणि खाली विचारलं, 'देणाऱ्याचा हात की घेणाऱ्याचा?' व्यापाराची बोलणी पुढे ढकलली गेली. शलाका बाजारात गेली की ज्या बायका तिला हाक मारून केळी दाखवत, त्या आता दुसरीकडे पाहू लागल्या.

बातमी रावेरलाही पोचली.

"म्हणजे औषध आपल्या हातात होतं," तुषार म्हणाला, "अन् तू त्याह्यले विचारत बसली?"

"दादा, ते आपलं नव्हतं."

"अन् ही बाग? ही कोणाची व्हय? आबांनी लावली, मी वाढवली. आज दोनशे झाडं जेसीबीनं काढली, शला. घड लागलेली झाडं. मी मशीनवाल्याले म्हटलं, थांब जरा, अन् घरात येऊन बसलो. पाह्यवत नव्हतं."

त्यानंतर चार महिने तुषारने बहिणीला फोन केला नाही. वहिनी मधूनमधून बागेचे फोटो पाठवी. प्रत्येक फोटोत आकाश जास्त दिसे.

शलाका आणि नंबियारबाईंनी मिळून दिल्लीला एक प्रस्ताव लिहिला. कलम अकरा रद्द करावं. सहा वर्षांची सगळी वाचनं युगांडाला परत द्यावीत, त्यासाठी कंपालात भांडार उभारून द्यावं आणि आपल्याकडची प्रत पुसून टाकावी. बदल्यात काहीही मागू नये. दिल्लीतून प्रश्नांवर प्रश्न आले. एका अधिकाऱ्याने तर स्पष्टच विचारलं, हातातलं सोडून द्यायला सांगणारी ही बाई नक्की कुणाची सल्लागार?

सहाव्या आठवड्यात टेंभेकरांचा पुन्हा फोन आला.

"नऊ दिवस," ते म्हणाले.

"काय, सर?"

"मी तो जिवाणू इथे घडवला. बंद काचगृहात, प्रयोगापुरता. चंबूत झकास वाढतो. कुंडीतल्या मातीत सोडला की नवव्या दिवशी एकही उरत नाही. तीनदा करून पाहिलं. त्याचं अक्षर न् अक्षर माझ्याकडे आहे, शलाका, आणि तरी काहीतरी मला ठाऊक नाही. तुमच्या प्रस्तावाला पाठिंब्याचं पत्र मी आजच दिल्लीला पाठवलंय. काय केलं आणि काय झालं, सगळं लिहिलंय त्यात."

आपली चूक एवढ्या सरळपणे कागदावर मांडणाऱ्या माणसाच्या हाताखाली आपण शिकलो, याचा तिला त्या क्षणी फार अभिमान वाटला.

आणखी दोन आठवड्यांनी दिल्लीने होकार दिला. अभियंते आले, कंपालात भांडार उभं राहिलं, एकेक वाचन परत आलं. पुण्याची प्रत पुसल्याचा दाखला शलाकाने स्वतः रूथच्या हाती ठेवला.

"आणि या बदल्यात?" रूथने विचारलं.

"काही नाही."

"बदल्यात काहीच न मागणारा देश मी अजून पाहिलेला नाही."

"मग आज पाहा."

रूथने दाखला दोनदा वाचला. "उद्या सकाळी माझ्याबरोबर लुवेरोला चल," ती म्हणाली. "जिची माती आहे तिलाच विचार."

*

जुळ्यांच्या आईला त्या भागात नालोंगो म्हणतात, आणि एकदा जुळी झाली की तेच बाईचं नाव होऊन बसतं. या नालोंगोचं वय बहात्तर होतं. जुळ्या लेकी शहरात होत्या. ही एकटी बाग सांभाळत होती. तिने आधी दोघींना चटईवर बसवून जेवू घातलं: पानात वाफवलेलं मटोके आणि शेंगदाण्याचं दाट कालवण. शलाकाने बोटं चाटली तेव्हाच ती बोलायला तयार झाली. रूथ तिचं बोलणं उलगडून सांगत होती.

शलाकाने आपल्या भावाच्या बागेबद्दल सांगितलं. कलमाबद्दलही सांगितलं, काहीही न झाकता. मग म्हणाली, "नालोंगो, तुमच्या मातीतलं जे आहे ते आम्हाला हवंय. देणं न देणं तुमच्या हाती आहे."

म्हातारीने तिच्याकडे निरखून पाहिलं. "माझी केळी मरत नाहीत म्हणून इथे दहा गाड्या आल्या," ती म्हणाली. "माती नेली, पानं नेली, माझे फोटो नेले. का मरत नाहीत, हे मला कुणी विचारलं नाही."

रूथने हे सांगितलं आणि स्वतःच मान खाली घातली. त्या दहा गाड्यांतल्या सात तिच्या होत्या.

"का मरत नाहीत?" शलाकाने विचारलं.

नालोंगो उठली. बागेत दर बारा पावलांवर केळीच्या मधोमध एकेक झाड उभं होतं. गुळगुळीत खोडाचं, दाट पानांचं. "हा मुटुबा. याची साल सोलून, ठोकून आम्ही कापड करायचो. आता दुकानात कापड मिळतं. मुटुबाची सावली पडते म्हणून सगळ्यांनी झाडं तोडली. मी नाही तोडली. याच्या शेजारची केळी मरत नाही, हे मी डोळ्यांनी बघते. तिकडे कोपऱ्यात वादळात एक मुटुबा पडला, तिथली तीन केळी पडली."

रूथ गाडीकडे जवळजवळ पळतच गेली. सरकारच्या परवानगीने त्या दिवसापुरतं एक यंत्र सुरू करून आणलं होतं. आजवर त्यांनी केळीखालची माती वाचली होती. मुटुबाखालची कधीच वाचली नव्हती. तासाभराने यादी आली. मुटुबाच्या मुळांभोवती तो जिवाणू शेकडो पटींनी जास्त होता. त्याचं घर तिथे होतं. केळीच्या मुळांत तो नुसता वस्तीला जाई. मुटुबाची मुळं एक खास साखर पाझरतात, हे पुढे प्रयोगशाळेत कळलं, आणि तिच्यावर तो जगतो. ती साखर नसेल तर आठ-नऊ दिवसांत संपतो. पुण्याच्या कुंडीत तेच झालं होतं; रूथने रोपांसाठी आणलेल्या मातीत मुटुबाच्या मुळ्यांचे तुकडे होते, म्हणून तिथे तो टिकला.

शलाका त्या झाडाकडे पाहत राहिली. फांदीला बारीक हिरवी फळं लगडली होती. तिने एक तोडून नखाने फोडलं. आत शेकडो इवली फुलं, आणि एक चिलट.

"अगं, हे तर उंबराच्या कुळातलं," ती मराठीतच बोलून गेली. मग रूथला म्हणाली, "आमच्याकडे याचं भावंड आहे. बांधाबांधावर असायचं."

नालोंगोने आपलं उत्तर दोघी निघताना दिलं. "माती देईन. पण ती ज्या शेतात पडणार ते घर मी आधी बघणार. लेक देताना बघतोच ना आपण?"

*

त्या महिन्यात युगांडाच्या मंत्रिमंडळाने एका बैठकीत निर्णय घेतला. जिवाणू भारताला द्यायचा, विकायचा नाही. पुढचं संशोधन दोन्ही देशांच्या नावावर राहील. मृदावाचक यापुढे कंपालातही बनतील. ढकललेली बोलणी त्याच दिवशी पुन्हा सुरू झाली, आणि या वेळी मसुद्याचं प्रत्येक कलम दोन्ही बाजूंनी मोठ्याने वाचलं गेलं.

एन्टेबेच्या विमानतळावर, कोवळ्या उन्हात, लुवेरोच्या मातीच्या बावीस पेट्या विमानात चढवल्या गेल्या. युगांडाचे मंत्री आले होते, शाळकरी मुलींचं ढोलपथक आलं होतं. प्रत्येक पेटीवर सोनेरी अक्षरांत छापलं होतं, 'युगांडाच्या जनतेकडून भारताच्या जनतेला'. नंबियारबाईंनी मंत्र्यांशी हस्तांदोलन केलं आणि म्हणाल्या, "माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत मी मदत देण्याच्या पुष्कळ कागदांवर सह्या केल्या. मदत घेतल्याची पोच आज पहिल्यांदा देते आहे. ही सही मी सावकाश करणार." आणि त्यांनी खरंच एकेक अक्षर सावकाश काढलं.

परदेशातला जिवाणू थेट शेतात सोडता येत नाही. टेंभेकरांच्या काचगृहात सात महिने त्याची परीक्षा चालली: गांडुळांना त्रास होतो का, कपाशीला होतो का, आणि मुख्य म्हणजे उंबराच्या मुळांत तो राहतो का. दहावा दिवस गेला, विसावा गेला, शंभरावा गेला. जिवाणू उंबरात नांदत होता.

पहिल्या लागवडीला नालोंगो आणि रूथ रावेरला आल्या. तुषार गाडीपाशी उभा होता, बहिणीच्या नजरेला नजर न देता. नालोंगोने चपला बांधावर काढल्या आणि ती मेलेल्या बागेत शिरली. खाली वाकून मूठभर माती उचलली, बोटांत चुरली, हुंगली. मग चारी दिशांना पाहिलं.

"झाडं कुठे आहेत?" तिने विचारलं.

"होते ना," तुषार म्हणाला. "बांधावर तीन उंबर होते. मुळ्या ठिबकच्या नळ्यायत घुसत होत्या. मीच तोडले."

शलाकाने इंग्रजीत आणि रूथने तिच्या भाषेत हे सांगताच नालोंगो पोट धरून हसली. "माझ्या दिरानेही हेच केलं! आता तो माझ्याकडून केळी नेतो."

तुषारलाही हसू फुटलं. कित्येक महिन्यांनी त्याला असं हसताना वहिनीने पाहिलं.

ज्या तुकड्यात सगळ्यांत जास्त झाडं मेली होती, तोच त्याने पहिल्या लागवडीला दिला. दर बारा पावलांवर उंबराचं रोप, मुळांना लुवेरोचा जिवाणू माखलेला, मध्ये केळी. चार दिवस नालोंगो पावलं मोजत पुढे आणि तुषार खुंट्या ठोकत मागे. भाषा एकमेकांची येत नव्हती, तरी दोघांचं भांडण मात्र नीट जमत होतं. एक खुंटी जरा वाकडी गेली की ती काठीने दाखवी आणि तो उपटून पुन्हा ठोकी.

शेवटच्या दिवशी कामं आटोपल्यावर तो शलाकाजवळ येऊन बसला.

"पाच हजार झाडं गेली वं, शला," तो म्हणाला. "पण तू म्हणत होती ते खरं निघालं. न विचारता आणला असता तर नवव्या दिवशी मेला असता."

"मेला नसता, दादा, तरी मी विचारलंच असतं."

"ते बी ठाऊक आहे मले," तो म्हणाला. "म्हणून तर चार महिने फोन करायची हिंमत होत नव्हती."

*

तेरा महिन्यांनी घड उतरले. त्या तुकड्यात मरने एकही झाड नेलं नव्हतं. तिन्ही तालुक्यांतून लोक बघायला आले. लांबच्या राज्यांतले आले, आणि इक्वाडोरचे दोन शास्त्रज्ञही आले. दोन्ही देशांचा कायमचा करार रावेरच्या बाजार समितीच्या आवारात, मांडव घालून झाला. तशी युगांडाची अटच होती. नालोंगो मंचावर मंत्र्यांच्या शेजारी बसली होती, कमरेभोवती मुटुबाच्या सालीचं तपकिरी कापड नेसून.

जिवाणूला अजून शास्त्रीय नाव दिलेलं नव्हतं. तो हक्क शोधणाऱ्याचा. रूथ ध्वनिक्षेपकापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "हा आम्हाला यंत्राने दाखवला, पण राखला या बाईने. म्हणून आम्ही याला नालोंगोचं नाव देतो आहोत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. नालोंगो मात्र उठून उभी राहिली आणि मान हलवू लागली. मांडव शांत झाला. ती बोलत गेली आणि रूथ ते इंग्रजीत सांगत गेली, शलाका मराठीत.

"मी लग्न होऊन आले तेव्हा पंधरा वर्षांची होते. त्याच वर्षी आमच्या भागात युद्ध पेटलं. सगळं गाव पळालं. सासू म्हणाली, तुम्ही जा, बाग अशी टाकून जाता येत नाही. सैनिक आले, गेले, पुन्हा आले. सरपणासाठी झाडं तोडायला लागले की ती मुटुबाला मिठी मारून उभी राही. पाच वर्षांनी आम्ही परतलो. घराला छप्पर नव्हतं, विहिरीला दोर नव्हता. बाग होती. ती बागेत खुरपत होती. आम्हाला बघून म्हणाली, भूक लागली असेल, बसा. मला त्या बाईने सगळं शिकवलं. तिला अक्षरओळख नव्हती, तिचं नाव कुठेच लिहिलेलं नाही. तिचं नाव नाबुकालू. लिहायचंच असेल तर ते लिहा."

मांडवात कुणी टाळी वाजवली नाही. पुढच्या रांगेतल्या बायका आधी उभ्या राहिल्या, मग त्यांच्या मागच्या, मग सगळेच. टेंभेकरांनी खिशातून पेन काढून रूथपुढे धरलं, आणि रूथने नोंदणीच्या कागदावर नाव बदललं.

आज जगाच्या शास्त्रीय यादीत ते नाव आहे. त्याहून जास्त ते खानदेशात आहे. कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळीची, लागवड निघाली की शेजारी शेजाऱ्याला विचारतो, उंबराले नाबुकालू लावली का? यावलच्या पोरी यंत्र घेऊन बांधावरून फिरतात आणि सांगतात, काका, तुमच्याकडे नाबुकालू कमी पडतेय. घाईत कुणी नुसतंच 'नबू' म्हणतं. तुषार भारंबेच्या शेतावर मात्र ते चालत नाही. नवे शेतकरी शिकायला आले की तो आधी त्यांना ओळीने उभं करतो.

"नबू नाही," तो म्हणतो. "ना-बु-का-लू. पुरं नाव घ्या. त्या बाईनं बाग पुरी राखली होती."